माल आणि माळ

वाशीतील एका घरात संध्याकाळी सातच्या सुमारास दादी सामायिकाला बसतात. अठ्ठेचाळीस मिनिटे त्या कोणाशी बोलत नाहीत, हे घरातील सर्वांना ठाऊक आहे. अडीच वर्षांच्या नातीला तेवढे अजून ठाऊक नाही. एका संध्याकाळी ती दादींच्या बैठकीशेजारी येऊन उभी राहिली आणि त्यांच्या हातातील माळेकडे बोट दाखवून म्हणाली, "दादी, माल!" दादी अर्थातच गप्प राहिल्या. दाणा बाजारातून नुकतेच परतलेले दादा खुर्चीवरून हसले. "माल दुकानात असतो बेटा. दादीच्या हातात आहे ती माळ."

"माल," नात पुन्हा म्हणाली.

दादांचे सारे आयुष्य मालात गेले. मशीद बंदरच्या परिसरातील घाऊक व्यापार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याच्या बाजार आवारात आला, त्या स्थलांतरात त्यांची पेढीही आली. घर मूळचे मारवाडचे. नगर जिल्ह्यात तीन पिढ्या काढून मुंबईस आलेले. दादी मराठी शाळेत शिकल्या. घरात मारवाडी आणि मराठी दोन्ही चालतात, आणि दोन्हींत ळ आहे. गुजरातीतही आहे, कन्नडमध्येही आहे. प्रमाण हिंदीत मात्र नाही, आणि इंग्रजीत ल व ळ या दोघांनाही एकाच अक्षरावर भागवावे लागते. नात दिवसभर जी गाणी ऐकते ती इंग्रजी, व्यंगचित्रे पाहते ती हिंदी, आणि सोसायटीच्या बागेत खेळते ती चार प्रांतांच्या मुलांबरोबर. नवी मुंबईतील घरोघरची ही गोष्ट आहे. अशा घरातून मराठीचे किंवा मारवाडीचे एखादे अक्षर नाहीसे व्हायचे असेल, तर पहिला क्रमांक ळ चा लागेल, कारण बाहेरच्या जगात ते मुलाच्या कानावर जवळजवळ पडतच नाही.

नात माळेला माल म्हणाली यात काळजीचे काही नव्हते. ळ म्हणताना जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावावे लागते. हे कसब लहान मुलांना उशिरा येते, आणि तोवर बहुतेक मुले ळ च्या जागी ल म्हणतात. मात्र जैन घरातील मुलांना एक फायदा असतो, ज्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. नवकार मंत्रात ळ एकदाही येत नाही. पण ण पुन्हा पुन्हा येतो. ण आणि ळ एकाच स्थानाचे, दोन्ही मूर्धन्य. रोज झोपण्यापूर्वी नवकार म्हणणाऱ्या मुलाची जीभ ण साठी टाळूकडे वळायला आपोआप शिकते. तेथून ळ फार दूर नाही.

ध्वनीला वेळ द्यावा लागतो, हे दादींना मान्य होते. अक्षराची ओळख मात्र आताच खेळता खेळता व्हावी, असे सूनबाईंच्या मनात होते. वाणिज्य शाखेच्या पदवीधर असलेल्या सूनबाई हिशेबाच्या नोकरीतून मुलीसाठी दोन वर्षे घरी राहिल्या आहेत. त्यांनी बाजारातून एक रंगीत फोमची चटई आणली होती. तिचे चौकोन एकमेकांत अडकतात, प्रत्येक चौकोनात एक इंग्रजी अक्षर असते, आणि मूल या अक्षरावरून त्या अक्षरावर उड्या मारीत त्यांची नावे शिकते. हल्ली बहुतेक घरांत ती दिसते. चटई दिवाणखान्यात अंथरली गेली, नातीने पहिली उडी मारली, आणि स्वयंपाकघराच्या दारातून दादींचा आवाज आला, "अक्षरावर पाय?"

ज्यांच्या घरी कागदाला पाय लागला तरी तो उचलून डोळ्यांना लावतात, त्यांना या दोन शब्दांमागचे सारे काही वेगळे सांगायला नको. अक्षराला पाय लागणे म्हणजे ज्ञानाची आशातना. लिपी कोणती, याने फरक पडत नाही. भगवती सूत्राच्या प्रारंभी ब्राह्मी लिपीला वंदन केलेले आहे. श्वेतांबर घरांत कार्तिकातील ज्ञानपंचमीला आणि दिगंबर घरांत ज्येष्ठातील श्रुतपंचमीला ग्रंथांची पूजा होते. अशा घरात वाढलेल्या दादींना चटईवरच्या उड्या पाहवणे शक्य नव्हते.

सूनबाईंचेही म्हणणे साधे होते. "आई, ती एका जागी बसत नाही. हातापायांनीच शिकते. पाटी घेऊन बसवली तर दोन मिनिटांत उठेल, आणि मग अक्षर म्हटले की पळेल." हे शब्दशः खरे होते. अडीच वर्षांच्या मुलाला उभी रेघ कशीबशी जमते. वर्तुळ काढणे साधारण तीन वर्षांच्या सुमारास येते. त्याच्या हाती पेन्सिल देऊन अक्षर गिरवून घेणे म्हणजे अजून न उघडलेल्या खात्यातून रक्कम काढण्यासारखे आहे.

या घरातील तिढा असा की दोघींचेही म्हणणे बरोबर होते. चार दिवस चटई गुंडाळून कपाटामागे उभी राहिली. घरात कोणी कोणाला टाकून बोलले नाही. पण जेवताना पदार्थांच्या चौकशीपलीकडे बोलणे जात नव्हते, हे दादांच्या लक्षात आले.

अक्षराचा आदर आणि अक्षराचा खेळ यांत खरोखर विरोध आहे का, याचे उत्तर परंपरेतच शोधावे लागते. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेव आपल्या ब्राह्मी आणि सुंदरी या कन्यांना मांडीवर घेतात आणि एकीला अक्षरे, दुसरीला अंक शिकवतात. श्वेतांबर परंपरेतही ब्राह्मीला उजव्या हाताने लिपी आणि सुंदरीला डाव्या हाताने गणित शिकवल्याची कथा आहे. ही कथा आपण इतक्या वेळा ऐकलेली असते की तिच्यातील मांडी आणि हात या दोन गोष्टी नजरेतून सुटतात. पहिला वर्ग बापाच्या मांडीवर भरला होता, आणि शिकणाऱ्या मुली होत्या.

पुढच्या काळातील पंतोजींच्या शाळेत मांडी नव्हती, छडी होती. पण तेथेही सुरुवात बोटानेच होत असे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि तीत बोटाने किंवा काडीने अक्षर काढायचे. त्या धूळपाटीवरूनच धुळाक्षरे हा शब्द आला. अक्षर चुकले की हात फिरवला, पाटी पुन्हा कोरी. आरंभ या अर्थी आपण ओनामा म्हणतो, तो शब्दही त्याच पाटीवरचा: मुले सर्वप्रथम "ॐ नमः सिद्धम्" लिहीत, त्याचे बोलीतील रूप ओनामासीधं, आणि त्याचे आणखी आखूड रूप ओनामा. सिद्धांना नमन करून धुळीत बोट घालणारी ती मुले अक्षराचा अनादर करीत होती, असे कोणी म्हणणार नाही. 'ग म भ न' हा क्रमही त्याच जुन्या शहाणपणाचा. वर्णमालेत ही चार अक्षरे या क्रमाने येत नाहीत. हाताच्या वळणात मात्र एकमेकांना लागून आहेत.

युरोपात हीच गोष्ट मारिया माँटेसरी यांनी शास्त्राच्या पायावर उभी केली. त्यांचे पहिले बालगृह रोममध्ये ६ जानेवारी १९०७ रोजी सुरू झाले. खरखरीत कागदाचे अक्षर कापून गुळगुळीत फळीवर चिकटवायचे. मुलाने दोन बोटांनी लिहिण्याच्या दिशेने त्यावरून हात फिरवायचा आणि त्याच वेळी ध्वनी ऐकायचा. डोळा, कान आणि बोट एकाच क्षणी एकाच अक्षरावर. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये बालमंदिर काढले आणि या पद्धतीला गुजराती घराची चव दिली. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यातील कोसबादच्या टेकडीवर गेले. परदेशी पद्धतीची महागडी साधने तेथे कोठून येणार? मग बिया, पाने, शंखशिंपले, खडे आणि माती हीच साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळा पाड्यावरच्या अंगणात गेली. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ मध्ये पद्मश्री. आज आपल्या मुलांसाठी पाच-सहा हजारांचे लाकडी शैक्षणिक संच मागवणाऱ्या घरांनी कोसबादचे ते खडे एकदा डोळ्यांपुढे आणावेत.

तर वाशीच्या घरातील तिढा. तो दादांनी सोडवला, तोही उपदेश न करता. पाचव्या दिवशी ते बाजारातून येताना हार्डवेअरच्या दुकानातून पॉलिश पेपरचा एक ताव घेऊन आले. "कापड कापायची कात्री नको हं, धार जाईल," एवढेच बोलून त्यांनी तो दादींपुढे ठेवला. दादींनी मराठी शाळेत कमावलेल्या वळणदार हाताने त्यावर एक वीतभर उंचीचा ळ काढला. सूनबाईंनी तो कापला आणि जाड पुठ्ठ्यावर चिकटवला. चटईचे चौकोनही वाया गेले नाहीत. धुऊन पुसून ते भिंतीवर नातीच्या उंचीला लागले. पायाखालची अक्षरे डोळ्यांसमोर आली, आणि नात आता उड्या मारण्याऐवजी टाचा उंचावून त्यांना हात लावते.

पण सुरुवातीला ळ च का? मुळाक्षरांच्या तक्त्यात तो अगदी शेवटी कोपऱ्यात असतो, आणि त्याच्यापुढे चित्र असते ते कमळाचे किंवा बाळाचे. इतर बहुतेक अक्षरांना आपापली वस्तू मिळते, क ला कमळ, ग ला गणपती. ळ ला मात्र दुसऱ्याच्या शब्दाच्या शेपटाला उभे राहावे लागते, कारण मराठीत ळ ने सुरू होणारा शब्दच नाही. प्रचलित खेळ तर सारे पहिल्या अक्षराचे. त्यामुळे ळ शिकवायचा तर शब्दाचा शेवट ऐकायला शिकवावे लागते, आणि येथे हे घर इतर घरांपेक्षा सुदैवी ठरले. दादांच्या पेढीत आणि दादींच्या डब्यांत ळ शिवाय पान हलत नाही. डाळ, तांदूळ, तीळ, गूळ, हळद, नारळ, जवळ जवळ सारे दुकान.

खेळ असा ठरला. दादा वानगीची पुडी उघडतात आणि म्हणतात, "ही तूर..." आणि थांबतात. नात ओरडते, "डाल!" दादा मान हलवत म्हणतात, "डाळ," आणि शेवटचे अक्षर किंचित लांबवतात. चुकलीस असे कोणी म्हणत नाही. बरोबर उच्चार तेवढा तिच्या कानावर पडतो. त्याच वेळी तिची बोटे पॉलिश पेपरच्या खरखरीत वळणावरून फिरतात. पुडीतले दाणे मात्र तिच्या हाती देत नाहीत. या वयाची मुले दाणा नाकात किंवा कानात घालतात, तो काढायला डॉक्टर गाठावा लागतो. दाणा श्वासनलिकेत गेला तर जिवावर बेतते. शिवाय खेळून झालेले धान्य पायदळी जाणे दादींना चालणार नाही ते वेगळेच. खेळायला कणीक आहे. पोळ्यांच्या वेळी सूनबाई कणकेचा एक लांब दोर वळून देतात, नात तो स्टीलच्या ताटात दोन्ही बाजूंनी गुंडाळते, त्याचा ळ होतो, आणि पाच मिनिटांनी तोच ळ तव्यावर जातो. पहिल्या दिवशी दादींनी शंका काढली: अक्षर भाजून खायचे का? सूनबाईंनी तो तव्यावर टाकण्यापूर्वी मोडून त्याचा पुन्हा गोळा केला. तेव्हापासून रिवाज असा की आधी अक्षर मोडायचे, मग पोळी लाटायची. अक्षर मोडण्याचे काम नातीचे, आणि तिला ते घडवण्याहून अधिक आवडते.

आकार लक्षात राहण्यासाठी चष्म्याची उपमा सूनबाईंनी काढली होती, दोन वाटोळी भिंगे म्हणून. दादांना ती पसंत पडली नाही. त्यांनी माळ्यावरून जुना पितळी तराजू काढला आणि खिडकीच्या कडीला अडकवला. वरची आडवी दांडी ती शिरोरेषा, मधून उतरणारा देठ, आणि दोन्हीकडची दोन पारडी. इलेक्ट्रॉनिक काट्याच्या काळात वाढणाऱ्या मुलीने तराजू पाहिलाच नव्हता. ती आता त्याला ळ म्हणते. म्हणजे, अजून ल च म्हणते, पण दाखवते बरोबर.

एका रविवारी मोटार घरी ठेवून सगळी मंडळी लोकलने निघाली. नवी मुंबईचा नकाशा ळ च्या बाबतीत मोठा उदार आहे: नेरुळ, रबाळे, तळोजा, आणि लोखंडाच्या बाजारामुळे आपल्या अनेक घरांना रोजची असलेली कळंबोली. नेरुळला गाडी थांबली तेव्हा नात खिडकीतून पाटीकडे पाहत होती. तिने काही म्हटले नाही. उजव्या हाताच्या दोन बोटांनी हवेत आधी एक वळसा काढला, मग दुसरा. शेजारी बसलेल्या एका बाईंनी विचारले, "काय दाखवतेय ती?" सूनबाईंनी सांगितले, "तराजू."

भाजीबाजारात ळ भरपूर मिळतो, पण तेथे एक पेच आहे. केळी, भोपळा, नारळ आणि फळे या घराला चालतात. कांदा, बटाटा आणि लसूण या तिघांत ळ नाही, हे दादींनी मोठ्या समाधानाने लक्षात आणून दिले. त्यावर दादांनी विचारले, "आणि मुळा? रताळे? कंदमूळ?" दादींचे उत्तर तयार होते. "अक्षर ऐकायचे. पिशवीत घ्यायचे नाही."

या साऱ्याला आता तीन महिने होत आले. नात भिंतीवरचा, ताटातला, डब्यावरचा आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यातला ळ ओळखते. पेन्सिल अजून तिच्या हाती दिलेली नाही, आणि सूनबाईंच्या माहेरून "लिहिते का?" अशी विचारणा झाली तेव्हा दादींनीच फोन घेऊन उत्तर दिले की घाई नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ वर्षांच्या पायाभूत टप्प्यात खेळातून शिकण्यावरच भर दिला आहे. प्रवेशाच्या मुलाखतीचा धसका घेतलेल्या पालकांपर्यंत तो पोहोचायला मात्र वेळ लागतो आहे. उच्चार तसाच आहे. ळ चा ल. काल आणि काळ, वेल आणि वेळ, माल आणि माळ यांतले अंतर तिच्या कानाला कळू लागले आहे असे दिसते, कारण दादा मुद्दाम "दादींचा माल कुठे आहे?" असे विचारतात तेव्हा ती हसते. जीभ अजून कानाच्या मागे आहे.

परवा संध्याकाळी दादींचे सामायिक पूर्ण झाले. पाय अवघडले होते म्हणून त्या बैठकीवरच बसून राहिल्या, माळ मांडीवर होती. नात आली आणि तिने माळेला हात घातला. दादींचा हात सवयीने पुढे झाला, कारण माळ हे खेळणे नव्हे. पण नातीने ती ओढली नाही. तिने एका बाजूचे मणी धरून एकदा पीळ दिला आणि दादींच्या लुगड्यावर माळ पुन्हा ठेवली. मध्ये गाठीसारखी ओलांड, दोन्ही बाजूंना दोन वाटोळे वेढे.

"माल," ती म्हणाली.

दादींनी पुढे केलेला हात तिच्या पाठीवर ठेवला.